खाऱ्या पाण्यातला पान्या

कमलबाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेलो होतो. गेलेल्या माणसावर लिहायला बसताना सुरुवात अशी करू नये, हे मला कळतं; सगळी नोकरी मराठी शिकवण्यात गेली आहे. पण खरं तेच आहे. त्या सकाळी मी अंगणात खुर्ची टाकून त्यांनाच मोबाइलवर एक लांबलचक मेसेज लिहीत होतो. आदल्या दिवशी त्यांनी मला न दाखवता कादंबरीचं एक प्रकरण परस्पर अ‍ॅपवर टाकून दिलं होतं. त्या प्रकरणात एकाही वाक्याला पूर्णविराम नव्हता, सगळीकडे तीन-तीन टिंबं... जणू प्रत्येक पात्राला धाप लागली आहे. माझा तिसरा परिच्छेद चालू होता आणि प्राचीचा फोन आला. प्राची म्हणजे त्यांची मुलगी, अकोल्याला नोकरी करते, पण आईच्या आजारपणामुळे महिनाभर गावातच होती. ती म्हणाली, "सर, आई सकाळी उठलीच नाई." मी म्हणालो, "काल तर बऱ्या होत्या." ती म्हणाली, "हाव. काल त चांगली होती." फोन ठेवला तेव्हा तो अर्धवट मेसेज पडद्यावर तसाच होता. तो मी पुसून टाकला आणि शैलाला, माझ्या बायकोला, हाक मारली. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. राग मात्र अजून पुरता गेलेला नाही.

कमल तायडे हे त्यांचं नाव. संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या उपकेंद्रावर त्या वीस-बावीस वर्षं परिचारिका होत्या. लहानथोर सगळे त्यांना सिस्टर म्हणत. मी एकटा कमलबाई म्हणायचो, कारण जिथे मराठी शब्द चालतो तिथे इंग्रजी वापरायचा नाही ही माझी खोड. मी त्याच गावच्या हायस्कुलात. दर सोमवारी दुपारच्या जेवणानंतर बाई शाळेत येत आणि आठवी-नववीच्या मुलींना रक्तवाढीची सरकारी निळी गोळी देत. मुली गोळी गालात धरून ठेवत आणि बाई पाठमोऱ्या झाल्या की खिडकीतून बाहेर थुंकत. खिडकीखालची माती सोमवारी निळी झालेली असे. बाईंनी रागावून पाहिलं, आयांना सांगून पाहिलं, रक्त कमी असलं तर पुढे बाळंतपणात काय होतं ते फळ्यावर काढून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. मग एका सोमवारी, शेजारच्या वर्गात मी समास शिकवत असताना, भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, "गिळली? आ कर. जीभ वर कर. हां. सगळ्याइनं गिळली त सांगतो मंग. तं त्या मुलखातलं पाणी असं खारट होतं, का लोकाइच्या मानीले हळूहळू कल्ले फुटले."

तास संपल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. म्हणालो, "बाई, हे काय सांगता मुलींना? माणसाला कल्ले फुटत नसतात." त्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं भरत होत्या. म्हणाल्या, "सर, खिडकीखाली पाहून या." मी पाहून आलो. एकही गोळी नव्हती. "मंग?" त्या म्हणाल्या आणि सायकल काढून निघून गेल्या. आमच्या पहिल्या वादात मी असा हरलो. पुढचे बहुतेक वाद साधारण असेच झाले.

आमच्याकडची परिस्थिती माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. पूर्णेच्या काठचा आमचा सगळा पट्टा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागलं म्हणून इथे कुणी पेढे वाटत नाही, आधी चव घेऊन पाहतात. जमिनीखालचं पाणी खारट, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि वर्षानुवर्षं तेच पिऊन किडन्या बसलेली माणसं गावोगाव आहेत. नळाचं पाणी आलं ते अलीकडे, आणि तेही येईल तेव्हा. बाईंची गोष्ट इथून निघाली होती. पुढच्या कुठल्या तरी काळात गोड पाणी सगळं एका तटबंदीच्या शहरात अडवलेलं आहे, त्या शहराचं नाव गोडनगर. वेशीवर माणसाचं बोलणं ऐकून मगच त्याला आत घेतात. खाऱ्या पट्ट्यातले लोक बाहेर राहिले, पिढ्यान्‌पिढ्या खारट पाणी पिऊन त्यांना कल्ले आले, बोटांमध्ये पडदे आले आणि ते एका अफाट खाऱ्या तळ्यात उतरले. ती पाणमाणसं. गोडनगरच्या पाणीअधिकाऱ्याची मुलगी इरा तटावरून खाली पडते आणि तिला वाचवतो एक पाणमाणसांचा मुलगा. त्याचं नाव पान्या.

पान्या. मी कपाळाला हात लावला होता. "बाई, नायकाचं नाव पान्या? गुराख्याला हाक मारल्यासारखं वाटतं." त्या म्हणाल्या, "पोरीइनंच ठेवलं. त्याइले आवडते." बरं, इराचे डोळे पहिल्या प्रकरणात काळे आणि सातव्यात घारे. ते दाखवल्यावर म्हणाल्या, "सातव्यात तो पाण्यातून पाहून राह्यला ना तिच्याकडं, म्हणून घारे दिसले त्याले." तळ्याची खोली एकदा दोन पुरुष, एकदा शंभर पुरुष. यावर उत्तर, "भरती-ओहोटी असन." तळ्याला भरती-ओहोटी नसते असं मी सांगितलं, तर बाईंनी मला विचारलं, मी समुद्र पाहिला आहे का. मी म्हणालो, एकदा, सहलीला. "मी त एकदाबी नाई पाह्यला," त्या म्हणाल्या, "तरी माह्या पोरी माह्यंच ऐकतात."

गोष्ट दोन वर्षं सोमवारच्या सोमवारी चालली. पुढच्या वर्गात गेलेल्या मुली मधल्या सुट्टीत खिडकीशी येऊन उभ्या राहायच्या. मग प्राचीनं आईला मोबाइलवर लिहायला शिकवलं, आणि गोष्टी वाचायच्या एका अ‍ॅपवर बाईंची पाणमाणसं प्रकरणा-प्रकरणानं येऊ लागली. कुठल्या कुठल्या गावांच्या मुली खाली लिहायच्या, सिस्टर, पुढचा भाग कधी. आमच्या घरातही ते शिरलं. एका दुपारी शैला भाजी निवडता निवडता मोबाइलमध्ये बघून डोळे पुसत होती. मी घाबरून विचारलं काय झालं, तर म्हणाली, "इराच्या बापानं तळ्याचं पाणी आटवायचं ठरवलं." मी तिला म्हणालो, की तू बीए झालेली बाई आहेस. ती म्हणाली, "म्हणूनच वाचता येते."

मला खरंच वाटायचं की बाई आपली शक्ती वाया घालवत आहेत. एकदा उपकेंद्राच्या ओट्यावर बसून मी त्यांना गंभीरपणे सांगितलं, की तुम्ही या पट्ट्यात वीस वर्षं घरोघर फिरला आहात. कुणाचे पाय सुजतात, कोण रक्त शुद्ध करून घ्यायला अकोल्याला मशीनवर जातं, कुठल्या विहिरीचं पाणी कसं, तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. ते लिहा. जसं आहे तसं लिहा. मी तपासून देतो, चांगल्या नियतकालिकाकडे पाठवू. पण हे कल्ले आणि प्रेमप्रकरणं सोडा. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "तेच लिहून राह्यली सर. तुमाले दिसत नाई त मी काय करू." मला ते उत्तर उद्धट वाटलं. त्या दिवशी त्यांचे स्वतःचे पाय सुजलेले होते, चपलेचा पट्टा मोकळा सोडलेला होता, आणि तेही मला दिसलं नाही, हे मात्र नंतर लक्षात आलं.

मग पुण्याहून फोन आला. किशोरवयीन मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनातल्या तरुण संपादिकेनं अ‍ॅपवर गोष्ट वाचली होती आणि तिला पहिला भाग पुस्तकरूपात काढायचा होता. बाई प्रिंट काढलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन आमच्या घरी आल्या. शैलानं चहा केला. बाईंनी गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "सर, शुद्धलेखन तेवढं पाहून द्या. ऱ्हस्व-दीर्घ मले जमत नाई." मला बरं वाटलं, नाही म्हणत नाही. त्याच सुमारास त्यांची तपासणी झाली आणि दोन्ही किडन्यांचं काम जवळजवळ थांबल्याचं निघालं. त्यांचं अकोल्याला जाणं-येणं सुरू झालं. हाताला फिस्टुला करायचा, म्हणजे मशीनला जोडायला रक्तवाहिनीची जागा तयार करायची, ती आधी उजव्या हाताला केली, ती चालली नाही, मग डाव्या हाताला. आणि बाई डावखुऱ्या. मुद्रितं माझ्याकडेच आली आणि माझ्याकडूनच गेली.

आता जे सांगायचं आहे ते सांगणं भाग आहे. त्या गोष्टीत गोडनगरची माणसं पुस्तकातलं मराठी बोलत आणि पाणमाणसं आमच्यासारखी बोलत. पान्या इराला म्हणतो, "तुले पाह्यलं का मले घरचं आठवते." मी लाल पेन घेतला आणि पान्याचं सगळं बोलणं बदललं. त्याचं आणि त्याच्या आईचं, त्याच्या सगळ्या जातभाईंचं. "मले"चं "मला", "काऊन"चं "का", "जाऊन राह्यलो"चं "जात आहे". तीन आठवडे बसून मी हे केलं आणि मला वाटत होतं की मी बाईंवर उपकार करतो आहे. मी बी.एड.ला पुण्याला होतो. पहिल्याच सराव पाठाला, चाळीस मुलांसमोर आणि मागे बसलेल्या आमच्या प्राध्यापकांसमोर, माझ्या तोंडून "मले सांगा" असं निघून गेलं होतं. वर्ग हसला, प्राध्यापकही हसले, चांगल्या मनानं हसले, पण हसले. त्यानंतर वर्षभर मी प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून बघायचो आणि मग बोलायचो. बाईंचं पुस्तक तिथे जाणार होतं. त्यांना कुणी हसू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

पुस्तक आलं. आमच्याच शाळेत छोटा कार्यक्रम ठेवला. बाई आदल्या दिवशी मशीनवर जाऊन आलेल्या, चेहरा उतरलेला, पण नवं निळं लुगडं नेसून आल्या होत्या. अश्विनी नावाची मुलगी, तेव्हा दहावीत, अगदी पहिल्या सोमवारपासूनची श्रोती, तिला एक उतारा वाचायला उभं केलं. तिनं इरा आणि पान्याच्या पहिल्या भेटीचं पान काढलं आणि वाचू लागली. चार ओळींवर अडखळली. परत सुरुवातीपासून वाचलं. मग पुस्तकाचं मुखपृष्ठ उलटून बघितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, हे कोण बोलून राह्यलं? हा पान्या नाई." मुलींच्या रांगांमध्ये कुजबुज झाली. मी म्हणालो, वाच तू. तिनं वाचलं, पण मान खाली घालून, धडा वाचल्यासारखं. बाईंनी हातातली प्रत उघडली, एक पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. कार्यक्रम संपेपर्यंत त्या सरळ बसून होत्या. फाटकापाशी मी त्यांच्यामागे गेलो. त्या थांबल्या, पण माझ्याकडे वळल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, तुमी माह्या पाणमाणसाइले गोडनगरात नेऊन टाकलं."

त्यानंतर सात महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. शैलाशी बोलायच्या. आमच्या दारावरून जाताना तिला हाक मारायच्या, आणि मी बाहेर आलो की "चाललो मी" म्हणून निघायच्या. बायकांनी "चालले" म्हणावं हे मी त्यांना पूर्वी कैकदा सांगितलेलं, त्यामुळे हे "चाललो" त्या मला ऐकवायला मोठ्यानं म्हणतात असं मला वाटायचं. एवढ्यावर ते थांबलं नाही. अ‍ॅपवर दुसरा भाग सुरू झाला आणि त्याच्या तिसऱ्याच प्रकरणात शुद्धकर मास्तर नावाचं पात्र आलं. गोडनगरच्या सैनिकांनी पकडून आणलेल्या पाणमाणसांना नीट बोलायला शिकवणं हे त्यांचं काम. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, खिशाला लाल पेन, बोलताना आधी घसा खाकरायचा आणि मग उजव्या हाताचं बोट वर करायचं. शैला हे प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवत होती आणि मधेच हसून हसून तिला वाचवेना. मी म्हणालो, ही बदनामी आहे. म्हणताना माझं बोट वर होतं. पुढे महिनाभर शाळेत मी वर्गात शिरलो की मुली वहीत तोंड घालून बसायच्या. मी काय ते समजून होतो.

मनातून मी त्यांच्यावर फार चिडलो. दोन वेळा पत्र लिहायला घेतलं, त्यात माझी बाजू मांडली आणि फाडून टाकलं. चिडण्यातही एक अडचण होती. शुद्धकर मास्तर हे त्या सगळ्या कादंबरीतलं सर्वांत चांगलं रेखाटलेलं पात्र होतं. त्याच्या तोंडी एकही शब्द उगाच नव्हता. पान्याच्या बहिणीला "पाणी" हा शब्द नीट म्हणता येईपर्यंत ते पाण्याचा पेला तिच्यापुढे धरून ठेवतात आणि देत नाहीत, असा एक प्रसंग आहे. तो मी एकट्यानं तीनदा वाचला.

शेवटी, मी निवृत्त झाल्यावर, शैलानंच मला बसमध्ये बसवलं. म्हणाली, "प्राचीले सुट्टी नाई. बुधवारी सिस्टरजवळ कोणी नाई. तुमी जाऊन या. बोलू नका पाह्यजे त, पण बसून या." शेगाव करून अकोल्याला पोचलो. वॉर्डात बाई पलंगावर, डावा हात मशीनला जोडलेला, त्यातून दोन नळ्या. मला पाहून त्यांनी डोळे मिटले. मी स्टूल ओढून बसलो. मग मी त्यांना पुण्याची ती गोष्ट सांगितली, सराव पाठाची. ती मी तोपर्यंत शैलालाही सांगितली नव्हती. बाई डोळे मिटूनच ऐकत होत्या. म्हणाल्या, "तुमाले हसले, म्हणून तुमी पान्याले गप केलं." मी म्हणालो, "हो. चुकलं माझं." त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाल्या, "पिशवीत वही हाये. पेन तुमच्या खिशात असनच. लिहा. तिसरा भाग डोक्यात तयार हाये, पण चार चार घंटे हात असा बांधला राह्यते. फक्त मी बोलीन तसंच लिहाचं. एक शब्द इकडचा तिकडं केला त परत येऊ नका."

असा मी त्यांचा लेखनिक झालो. आठ महिने, दर बुधवारी, आणि प्राचीला जमलं नाही तर शनिवारीही. हे काम सोपं असेल असं कुणाला वाटेल. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की जी भाषा मी आईजवळ बोललो ती मला लिहिता येत नाही. "राह्यलो" कसं लिहायचं, "ह्य" जोडायचा की "हि" लिहायचा? "त" लिहायचं की "तं"? मी विचारायचो आणि बाई वैतागायच्या. "जसं ऐकू येते तसं लिहा ना." मी म्हणायचो, एका पानावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असं चालणार नाही, काहीतरी एक ठरवा. "माणूस रोज एकसारखं बोलते काय?" बाजूच्या पलंगावरच्या मोताळ्याच्या एक काकू आमचं भांडण ऐकायला दुरडीतल्या शेंगा सोलत बसायच्या, आणि मधेच निकाल द्यायच्या, बहुधा बाईंच्या बाजूनं.

मी शिस्तीसाठी भांडायचो आणि त्या टिंबांसाठी. टिंबं कशासाठी, तर म्हणे तिथे पान्या श्वास घेतो. मी म्हणालो, त्याला कल्ले आहेत, त्याला थांबून श्वास घ्यायची गरज नाही. त्या म्हणाल्या, "पाण्याभायेर आला का घ्या लागते." प्रेमाच्या प्रसंगाला तर माझी पुरती पंचाईत व्हायची. भर वॉर्डात, सलाइन बदलणाऱ्या परिचारिका ऐकत असताना, एक साठीची बाई मला सांगणार की पान्यानं इराचा हात कसा धरला, आणि मी ते लिहिणार. एकदा मी गुळमुळीतपणे "दोघांनी एकमेकांकडे पाहिले" एवढंच लिहून ठेवलं. बाई म्हणाल्या, "वाचून दाखवा." मी वाचलं. "असं म्या सांगतलं काय?" त्या दिवशी परिचारिका, काकू आणि काकूंचा मुलगा या सगळ्यांसमोर मला त्या म्हणाल्या तसं परत लिहावं लागलं, आणि मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं. त्यात पान्या इराला म्हणतो, "तू गेली का मले पाण्यातबी कोरड पडते." वाचून झाल्यावर काकूंनी शेंगा सोलणं थांबवलं होतं. मीही थांबलो. चौतीस-पस्तीस वर्षं मी मुलांना चांगलं वाक्य कसं असतं ते शिकवलं आणि असं एकही वाक्य मला लिहिता आलेलं नाही. हे मी त्यांना म्हणालो नाही. "ठीक आहे," एवढंच म्हणालो.

ते वाक्य त्यांनी कुठून आणलं हे कळायला मला वेळ लागला. मशीनवरच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. दिवसाची एक छोटी बाटली, तीही घोट घोट. उन्हाळ्यात घशाला कोरड पडली की त्या बर्फाचा एक खडा जिभेवर धरायच्या आणि तो विरघळेपर्यंत बोलायच्या नाहीत. मी तोवर पेन धरून बसायचो. खडा विरघळला की पुढचं वाक्य यायचं. आयुष्यभर दुसऱ्यांना पाणी उकळून प्या, तपासून प्या म्हणून सांगत फिरलेल्या बाईला... जाऊ द्या. त्याबद्दल त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत, मग मी तरी कशाला बोलू. एकदाच म्हणाल्या होत्या, की पहिली काही वर्षं उपकेंद्राच्या विहिरीचंच पाणी प्यायलं, गावातल्या लोकांना दुसरं नव्हतं तर आपण घरून आणलेलं त्यांच्यासमोर कसं प्यायचं.

पाच आठवड्यांपूर्वी त्या गेल्या. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तेव्हा गावातल्या बायकांनी विहार भरलाच होता, पण बाहेरच्या मांडवात मुली बसल्या होत्या, शाळेतल्या, कॉलेजातल्या, दोन-तीन कडेवर मूल घेतलेल्या. त्यातल्या बऱ्याच मला ओळखू आल्या नाहीत. त्या मात्र मला ओळखत होत्या, आणि का ओळखत होत्या हेही मला दिसत होतं. प्राचीनं मला बोलायला सांगितलं. मी घसा खाकरला, तसे मागून हसण्याचे दोन-तीन आवाज आले, आणि लगेच कुणीतरी रडू लागलं.

पुस्तकाच्या पहिल्या भागाची दुसरी आवृत्ती निघते आहे. त्यात पान्याचं बोलणं मी बाईंच्या मूळ प्रतीवरून शब्दन् शब्द परत घातलं आहे. पुण्याच्या त्या संपादिकेनं फोन करून "काऊन" म्हणजे काय ते विचारलं, मी सांगितलं, आणि ती हसली नाही. हे काम झालं. अडलं ते तिसऱ्या भागाचं. शेवटचं प्रकरण बाईंनी मला सांगितलेलं नाही, ते त्यांनी जाण्याच्या आठवड्यात घरी, मशीनचा दिवस नव्हता तेव्हा, स्वतःच्या डाव्या हातानं लिहून ठेवलेलं. प्राचीनं ते मला आणून दिलं. अक्षर थरथरतं, ओळी खाली उतरत गेलेल्या. तळं वाचलेलं आहे, वेस मोडलेली आहे, आणि इरा काठावर येते. तिथे पाणमाणसांतले म्हातारे गंगाराम आबा जाळं विणत बसलेले आहेत. ते मान वर करून म्हणतात, "आली का माय? बस. चाय ठेवतो."

आणि गंगाराम आबा पहिल्या भागातच मेलेले आहेत. तिथे पूर्ण एक प्रकरण त्यांच्या मरणाचं आहे, पान्या त्यांना स्वतःच्या हातानं तळाच्या वाळूत निजवतो, त्यावर महिनाभर मुली अ‍ॅपवर रडल्या होत्या. मी ते पान घेऊन तीन दिवस बसलो. अशी चूक. इतकी ढळढळीत. डोळ्यांच्या रंगाला काहीतरी उत्तर होतं, याला काय उत्तर देणार होत्या बाई? आणि विचारायचं कुणाला? मी एकदा आबांच्या जागी त्यांच्या भावाला बसवून पाहिलं, नुसतं मनात. एकदा वाटलं, ओळ काढून टाकावी, कुणाला कळणार आहे. लाल पेनाचं टोपण उघडलंही होतं. मग अश्विनीला फोन केला. ती आता शेगावला कॉलेजात आहे. तिला ते वाचून दाखवलं. तिनं ते परत एकदा वाचायला सांगितलं. मग म्हणाली, "सर, आबा मेले हे आमाले माहीत हाये." मी म्हणालो, "सिस्टर विसरल्या असतील." ती म्हणाली, "असन." आणि थोड्या वेळानं, "चाय ठेवतो म्हणे ना? राहू द्या मंग."

मला हे पटलेलं नाही. चूक ती चूक. कुणी चौकस वाचक पत्र पाठवील, आणि संपादक म्हणून माझं नाव आत छापलेलं असेल. पण काल हस्तलिखित पुण्याला पाठवलं, त्यात ते पान आहे तसंच गेलं. पाठवण्याआधी मी समासात, संपादिकेसाठी, पेन्सिलीनं एक सूचना लिहिली. आधी प्रमाण मराठीत लिहिली, मग खोडली आणि परत लिहिली. म्हातारा तळ्याच्या काठी बसला हाये, बसू द्या त्याले.